सोऱ्यात पोहे घालू नयेत

...आणि वर मलाच विचारते, "आईचं तोंड कंपायलरला लावायची अक्कल तुला सुचली कुठून?" आता काय बोलणार? नाही, तुम्हीच सांगा, काय बोलणार! चांगल्या मनानं एक काम केलं, लोकांचा त्रास वाचावा म्हणून केलं, आणि त्यात माझं लग्न मोडता मोडता राहिलं हो! एका सोऱ्यापायी! सोऱ्या माहितीये ना? चकलीचा! थांबा, थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल, हा माणूस बरा आहे ना? पहिल्यापासून सांगतो. मी शंभू. राहायला कसबा पेठेत, नोकरीला खराडीत, म्हणजे आयुष्य मधल्या सिग्नलला. आमची कंपनी पॅकिंगच्या मशीनचे प्रोग्रॅम लिहिते. पाकिटात हळद किती पडावी, पाकीट कधी बंद व्हावं, हे मशीनला आम्ही शिकवतो. आम्हाला कुणीच शिकवलेलं नसतं, तो भाग सोडा.

तर आमच्याकडे एक प्रकार असतो, टेम्प्लेट. दचकू नका! कठीण काही नाही. टेम्प्लेट म्हणजे सोऱ्या. सोऱ्या कसा एकच असतो, चकलीचं पीठ घाला चकली पडते, शेवेचं घाला शेव पडते, दर वेळी नवा सोऱ्या आणावा लागत नाही. तसा आम्ही प्रोग्रॅम एकदाच लिहायचा, मग कुणी त्यात वजन घालो, कुणी तापमान घालो, ज्या प्रकारचा माल येईल त्याप्रमाणे तो काम करतो. आहे की नाही सोय? पण तुम्हाला सांगतो, सोऱ्यात एक खोट आहे. सोऱ्याला तोंड नाही. कुणी त्यात भिजवलेले पोहे घातले तरी तो म्हणत नाही, "अहो, हे पोहे आहेत." तो मुकाट घेतो, मग तुम्ही दाबता... आणि मग भिंत पुसायला घेता!

आमच्याकडे भिंत नव्हती, अख्खा कारखाना होता. मसाल्याचा. कुणाचा ते विचारू नका, माणसं अजून शिंकतायत. तिथे आमच्याच एका विद्वानानं काय केलं, वजनाच्या जागी आकडा घालायच्या ऐवजी अक्षरं घातली. 'अर्धा किलो', असं, अक्षरात! आमच्या सोऱ्यानं ते गिळलं. अक्षरं म्हणजे आकडा नव्हे, पण मशीन काय म्हणालं, आलाय ना माल? मग आकडाच असणार! त्या अक्षरांच्या जागी त्याला कसला तरी अगडबंब आकडा दिसला, आणि मशीननं इमानदारीत तेवढी हळद ओतायला घेतली. पाकीट भरलं, फाटलं, पट्टा भरला, मॅनेजर धावत आला, "बंद करा, बंद करा" म्हणेपर्यंत तो स्वतःच भरला. नखशिखांत पिवळा! बाशिंग बांधायचं तेवढं बाकी होतं! आम्ही गेलो बघायला, तर खुर्चीत बसून होता, नुसता एकदा खोकला... आणि आम्हीही पिवळे झालो.

याला आमच्यात म्हणतात रन टाइम. म्हणजे मशीन चालू झाल्यावर चूक कळते. आणि चूक मशीन चालू व्हायच्या आधीच, प्रोग्रॅम तयार होतानाच पकडली, तर तो कंपाइल टाइम. कंपायलर नावाचा एक प्रोग्रॅम असतो, तो आम्ही लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देतो. त्याला आधीच सांगून ठेवता येतं, की बाबा, जो कुणी माल घेऊन येईल त्याला दारातच विचार. तू आकडा आहेस का? तुला जसाच्या तसा उचलून पलीकडे ठेवता येतं का? का रिकामाच आलायस? उत्तर 'नाही' आलं की तिथेच थांबव, प्रोग्रॅम बनवूच नको. झालं! हळद डब्यात, मॅनेजर गोरा.

आता तुम्ही म्हणाल, हे मला फार हुशारीनं सुचलं. छे हो! हे मला मंडईत सुचलं. आईबरोबर पिशव्या धरायला गेलो होतो. आमच्या आईला तुम्ही ओळखत नाही. यमुनाबाई! उभ्या कसब्यात नाव घ्या, माणसं आधी चप्पल नीट लावतात मग बोलतात. आई भेंडी घेत होती. प्रत्येक भेंडीचं टोक, कट्! कट्! कट्! भाजीवाली कळवळली, "ओ मावशी, मोडू नका ना सगळी!" आई म्हणाली, "निबर निघाली तर घरी नेऊन मोडू का? तिथे तुम्ही असणार आहात का ऐकायला?" आणि मग ते तिचं ठरलेलं वाक्य, जे ती दूधवाल्याला म्हणते, पाहुण्याला म्हणते, लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसाला म्हणते... "मी निवडूनच घेते. आधी सांगितलेलं बरं."

आधी सांगितलेलं बरं! पिशवी हातातून पडली माझ्या! कंपाइल टाइमचं अख्खं शास्त्र आमची आई भेंडीवर मोफत शिकवत होती, आणि मी खराडीपर्यंत जात होतो!

ऑफिसला गेलो आणि बसल्या बैठकीला सगळ्या सोऱ्यांना तपासण्या लावल्या. काम झालं. पण एक भानगड होती. चूक पकडली की कंपायलर जे बोलतो ना... अहो, पानंच्या पानं! चूक एवढीशी, आणि हा ओकतो केवढं! कंस, कंसात कंस, त्या कंसात अजून एक कंस, वाचून माणसाला वाटतं आपण प्रोग्रॅम लिहिला नाही, कुणाचा तरी खून केला. मात्र तपासणीबरोबर आपल्याला हवा तो संदेश लिहायची सोय असते. म्हणजे चूक झाली की पहिल्याच ओळीत तो दिसतो. मी आमच्या ऑफिसातल्या मॅनेजरला विचारलं, "संदेश काय लिहू?" आमचे मॅनेजर माऊली, वाघोलीचे, घरची शेती होती तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत, माणूस एकदम निवांत. म्हणाले, "लिही की कायबी. एरर कोण वाचतंय? म्या तर आजपर्यंत येक वाचली न्हाई, आन् म्यानेजर हाय!"

कायबी म्हणाले ना? मग मी लिहिलं! आईचं लिहिलं. मराठीत! संगणकाला मराठी चांगलं येतं, आपल्यालाच लाज वाटते. आकड्याच्या जागी अक्षरं घातली, की कंपायलर थांबणार आणि म्हणणार, "इथे आकडा अपेक्षित आहे. अक्षरे आपल्या घरी ठेवून यावीत. आधी सांगितलेलं बरं." भलताच प्रकार घातला, की, "सोऱ्यात पोहे घालू नयेत. आपल्याकडे घालत असल्यास तिकडेच घालावेत. आधी सांगितलेलं बरं." आणि काहीच न घालता नुसता प्रकार रिकामा पाठवला, की, "पहिल्यांदा येताना रिकाम्या हाताने येऊ नये. आधी सांगितलेलं बरं." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! स्वतःच मुद्दाम चुका करून वाचत बसलो. आई ऑफिसला आल्यासारखं वाटत होतं.

आणि ह्या आनंदात ते सोऱ्यांचं गाठोडं गेलं चौथ्या मजल्यावर. आम्ही तिसऱ्यावर. चौथ्यावरची माणसं नवीन मशीनचं काम करतात, आमचे सोऱ्ये वापरून. आता नेहमी काय असतं, कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद असते, बघितलं की लगेच कळतं. पण आमच्या माऊलींचा चौथ्या मजल्यावर काडीचा विश्वास नाही, "नुस्ती फाइल द्या त्यान्ला, बाकी कायबी देऊ नका!" त्यामुळे वर फाइल गेली ती बिननावाची. डोक्यावर नुसतं, 'लायब्ररी विभाग'. लायब्ररी पुस्तकांची नव्हे हं, असल्या तयार सोऱ्यांची. म्हणजे शिव्या द्यायला विभाग मिळाला, माणूस नाही. मी खूश!

पण चौथ्या मजल्यावर कोण होतं? भाग्यश्री!

आता भाग्यश्रीबद्दल काय सांगू... दर्यापूरची. अमरावतीच्या पुढे. वाघोलीत मैत्रिणींबरोबर राहायची. आमची ओळख कँटीनमधली. एरवी बोलणं एकदम साधं, आपल्यासारखं, पण एकदा का चिडली, की जी वऱ्हाडी सुटते! मी तर ती चिडावी म्हणून मुद्दाम तिचं ताक पळवायचो. असं करत करत, तुम्हाला कळलंच असेल, मी काय सांगत बसू... मला ती आवडली. खूप आवडली. म्हणजे सकाळी बस चुकली तरी राग येईना, इतकी! आणि तिलाही मी बरा वाटत होतो. 'बरा' हा शब्द तिचाच. घरी सांगायचं इथपर्यंत आलं होतं. आणि एका दुपारी ती कँटीनमध्ये आली, ताट आपटलं, आणि म्हणाली,

"कोन आहे बे हा लायब्ररीवाला?"

पळवलेलं ताक मी गुपचूप परत तिच्यासमोर ठेवलं.

"का? काय झालं?" मी.

"काय झालं म्हंते! सकाळपासून माह्या डोक्श्याचं भरीत करून राहिला तो! म्हने पोहे घालू नये! मी काहून पोहे घालीन? मी तारीख पाठवली त्याच्यात! अन् वरून म्हने, आधी सांगितलेलं बरं! म्हातारा असंन कोनीतरी. साठीचा. घरी बायको ऐकत नसंन, म्हनून इथं लिहून राहिला!"

आता इथे माणसानं काय करावं? सरळ सांगावं, की बाई गं, तो म्हातारा मीच. हो की नाही? आधी सांगितलेलं बरं, आईनं जन्मभर कानीकपाळी ओरडून शिकवलंय! आणि मी काय केलं? मी म्हणालो, "हो, ऐकलंय मी पण. फार खडूस आहे म्हणे." अहो, नुसता एवढ्यावर थांबलो असतो तर! पण खोटं बोलायला लागलं की माणसाला अंगात येतं. मी म्हणालो, "कान दुखतो म्हणून मफलर बांधून बसतो. कुणाशी बोलत नाही." ती म्हणाली, "मले वाटलंच!" आणि मग तिनं ते वाक्य टाकलं. म्हणाली, "ह्याच्या घरात सून म्हनून कोन जाईन रे? बिचारी असंन कोनी तं तिच्यासाठी मी आजच नवस बोलते."

आली का पंचाईत! आता सांगावं तर लग्न गेलं, न सांगावं तर मफलर वाढत चाललाय! रोज जेवताना म्हातारा. आज त्यानं काय लिहिलं, उद्या काय लिहील. आणि मी रोज त्यात भर! त्याला मी गुडघेदुखी दिली, सुनेशी भांडण लावून दिलं, एकदा तर त्याचं पेन्शनचं काम अडकवलं. भाग्यश्रीला थोडी दयासुद्धा यायला लागली त्याची. पण राग जाईना. बरं, संदेश बदलून टाकावेत म्हटलं, तर माऊली म्हणाले, "नगं हात लावू, चालतंय ते! चौथ्या मजल्यावरून चुका येनं बंद झालंय, पोरं वाचून घालायला लागलीत!" म्हणजे बघा, काम झालं होतं! हळद सांडत नव्हती! फक्त माझं लग्न सांडणार होतं.

आणि मग ठरलं. तिच्या वडिलांनी यायचं, मुलगा बघायला, आमच्या घरी, कसब्यात. ज्ञानदेवराव. दर्यापुरात भांड्यांचं दुकान, माणूस शब्दाचा पक्का, पण एकदा पोळलेला. थोरल्या मुलीच्या, दीपमालाच्या लग्नात सोयऱ्यांनी गोड गोड बोलून सगळं 'चालते, चालते' म्हटलं, आणि ऐन मांडवात रुसून बसले. बँड साधा आणला म्हणून! नवरदेव घोड्यावर, घोडा उन्हात, आणि सोयरे झाडाखाली तोंड फिरवून! तेव्हापासून ज्ञानदेवराव गोड बोलणारा माणूस दिसला की रस्ता बदलतात. हे मला भाग्यश्रीनं सांगितलं होतं. मी आईला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट काय सांगितलं? हात जोडून सांगितलं, "आई, फक्त आजच्या दिवस, ते वाक्य म्हणू नकोस."

"कुठलं वाक्य?"

"ते गं, आधी सांगितलेलं..."

"मी असं कधी म्हणते?" आई म्हणाली. "उगीच माझ्या नावावर काही खपवू नकोस. आधी सांगितलेलं बरं."

संपलं! तिथेच कळलं मला, की आज काही खरं नाही.

ते आले. ज्ञानदेवराव, भाग्यश्री, आणि हातात संत्रा बर्फीचा डबा. भाग्यश्री अशी दिसत होती की मी दारातच उभा राहिलो, आत या म्हणायचं विसरलो. आईनं मागून सांगितलं, "वाटेत उभा राहू नकोस, माणसं आत यायची आहेत." इथपर्यंत ठीक. ज्ञानदेवराव आत आले, खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले, आणि आई म्हणाली, "तिथे नका बसू, तिचा पाय कच्चा आहे. पडाल. आधी सांगितलेलं बरं."

मी खोकलो. 'बरं' वर बरोबर खोकलो! पण भाग्यश्रीनं मान वर केलीच. नुसती वर केली, हं. बघितलं, खाली घातली. मला वाटलं, सुटलो. मग आई पोहे घेऊन आली. कांदेपोहे! अहो, सगळं जग सोडून त्या दिवशी पोहेच! मी म्हटलं होतं शिरा कर, तर म्हणाली, बघायच्या कार्यक्रमाला शिरा? आपण काय सत्यनारायण घातलाय? ज्ञानदेवरावांनी पोह्यांवर ताक घ्यायला वाटी उचलली. तिकडे घेत असतील, मला काय माहीत! आई म्हणाली, "पोह्यांत ताक? तुमच्याकडे घालत असाल तर घाला बापडे, आमच्याकडे घालत नाहीत. चव बिघडली तर पोह्यांना नाव ठेवू नका, आधी सांगितलेलं..."

"अगं आई!" मी ओरडलो. "बर्फी! बर्फी वाट ना!"

पण उशीर झाला होता. भाग्यश्रीचा चमचा हवेत थांबला होता. ती माझ्याकडे बघत होती. मग आईकडे. मग परत माझ्याकडे, आणि माझ्या गळ्याकडे! मफलर शोधत होती हो ती! पंखा चालू, आणि मी घामानं न्हालेलो. आई आत गेली चहा टाकायला. आणि भाग्यश्रीनं, अगदी हळू, एकेक शब्द, माझ्या डोळ्यात बघत म्हटलं,

"पहिल्यांदा येताना रिकाम्या हाताने येऊ नये..."

आणि स्वयंपाकघरातून, गॅसचं लायटर ओढता ओढता, आमच्या मातोश्रींनी, कुणी विचारलं नाही, सवरलं नाही, वाक्य पुरं केलं,

"...आधी सांगितलेलं बरं!"

काय सांगू तुम्हाला! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, पण आमचं घरही तिसऱ्या मजल्यावर! जमीन दुभंगली असती, तर पडलो असतो खालच्या शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये! भाग्यश्री उठली. म्हणाली, "बाबा, मी ह्याच्याशी जरा बोलून येते." आम्ही गॅलरीत. पहिला प्रश्न, "गुडघा कसा आहे?"

मी गॅलरीतली कुंडी सरळ करायला घेतली.

"अन् सुनेशी भांडन? मिटलं?" आता वऱ्हाडी सुटली होती, पण आवाज चढला नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "मी त्या म्हाताऱ्यासाठी वाईट वाटून घेतलं रे. खरंच वाटून घेतलं. संदेश लिहिले त्याचं काही नाही. पन तू रोज माह्यासमोर बसून, माह्याच ताटातली चटनी खाऊन, मले फसवलं." डोळे भरले तिचे. तुम्हाला सांगतो, हसण्यावारी नेतोय मी हे, पण त्या क्षणाला माझी वाट लागली होती. मला कळलं की हिला गमावणं मला परवडणारं नाही. म्हटलं, "मी घाबरलो होतो. तू म्हणालीस, ह्या घरात सून कोण जाईल..." ती म्हणाली, "मंग तेव्हाच सांगाचं होतं ना." आणि आत गेली.

आत काय चाललं होतं? आत ज्ञानदेवराव आईसमोर हात जोडून बसले होते! "बाई, तुमचं बोलनं मले पटलं! खुर्चीचा पाय कच्चा आहे, हे पयले सांगनारं सोयरं मी जन्मात पाह्यलं नाही! आमच्या थोरलीच्या वक्ताले साऱ्यायनं गोड बोलून घात केला!" आई म्हणाली, "गोड मी चहासुद्धा करत नाही. साखर वेगळी ठेवलीय, हवी तेवढी घ्या." ज्ञानदेवरावांच्या डोळ्यात पाणी! तिकडे बाप फिदा, इकडे पोरगी फुरंगटलेली. निघताना भाग्यश्री म्हणाली, "मी तपासून सांगते." बस, एवढंच.

तपासून सांगते! म्हणजे हो की नाही? सोमवार गेला, फोन नाही. कँटीनला आली नाही. मी दोन माणसांचं ताक आणून ठेवायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. सर्दी झाली. आणि खरंच सांगतो, कान दुखायला लागला, मफलर बांधून बसलो! माऊली म्हणाले, "आरं शंभू, चौथ्या मजल्यावरनं येक सुधारना आली हाय लायब्ररीत, म्या आत घेतली." "वाचली का?" "म्या? ह्या!"

आणि मी माझाच प्रोग्रॅम चालवायला घेतला. माझाच! रोजचा! तर कंपायलर थांबला. पहिल्याच ओळीत लिहिलेलं,

"ज्याने हे संदेश लिहिले, त्याने चौथ्या मजल्याची माफी मागितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

तिनं माझ्या सोऱ्याला तपासणी लावली होती! वापरणाऱ्यानं 'माफी' अशी नोंद केलीच पाहिजे, नाहीतर प्रोग्रॅम बनणारच नाही. काय सुंदर लिहिली होती, तुम्हाला सांगतो, इतकी स्वच्छ तपासणी मला जन्मात जमली नसती. मी मुकाट्यानं 'माफी'समोर 'हो' लिहिलं. चालवलं. परत थांबला!

"नुसती लिहून चालत नाही. वर येऊन, सर्वांसमोर, मफलर काढून."

गेलो! काय करता? चौथ्या मजल्यावर, सगळी पोरं बघतायत, मी मधोमध, "मंडळी, तो लायब्ररीवाला म्हातारा मी." पोरांनी काय केलं असेल? टाळ्या! एकानं तर पाया पडल्याचं नाटक केलं, "बाबा, गुडघा!" भाग्यश्री स्क्रीनकडे बघत होती. वळलीसुद्धा नाही. पण खांदे हलत होते तिचे, ती हसत होती की रडत होती, मला कळेना. खाली आलो, वर जाऊन आल्याचीही नोंद केली, आणि चालवलं. तिसऱ्यांदा थांबला. मी डोळे मिटले. एक डोळा उघडला.

"रविवारी दर्यापूरला घरी यावे. आईला घेऊन यावे. पहिल्यांदा येताना रिकाम्या हाताने येऊ नये. आधी सांगतलेलं बरं रायते."

अहो, मी खुर्चीवरून उठून ओरडलो! अख्खा तिसरा मजला गोळा झाला, म्हणे काय झालं, प्रोग्रॅम चालला का? म्हटलं, नाही, नाही चालला! एरर आली! एरर आली! माऊली धावत आले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक एरर वाचली, संपूर्ण वाचली, आणि म्हणाले, "आसल्या आसत्यात व्हय एरर? मंग म्या वाचल्या आसत्या की!"

झालं लग्न. बँड ज्ञानदेवरावांनी आधी आईला ऐकवला, मग ठरवला. कुणी रुसलं नाही. रुसायची सोयच ठेवली नव्हती, सगळं आधीच विचारून झालेलं! आणि मला वाटलं होतं, सासू-सुनेची जुंपेल, आपण मध्ये दोन्हीकडून लाडात राहू. कसलं काय! दोघी एक झाल्या हो! आता मी घरातून निघालो की दारात दोघी. "रुमाल?" "डबा?" "मंडईतून येताना भेंडी आणशील, टोक मोडून घेशील?" "अन् कोनाले काही खोटं सांगनार आहेस का आज? आत्ताच सांगून टाक." एकीचं पुणेरी, एकीचं वऱ्हाडी, मधल्या पट्टीत मी. उत्तर चुकलं की पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. वर्ष झालं लग्नाला, तुम्हाला सांगतो, मला एक चूक म्हणून धड करू दिलेली नाही कुणी! पोरं ऑफिसात मजेत चुका करतात, मला नुसता हेवा वाटतो.

आजसुद्धा, इथे बोलायला येतोय म्हटल्यावर दोघींनी मला हॉलमध्ये उभं केलं आणि सगळं म्हणायला लावलं, पहिल्यापासून. आईनं दोन जागा काढल्या, हिनं तीन. तुम्ही मघापासून जे हसलात ना, ते सगळं पास झालेलं होतं. खरं हसायचं ते काढलेल्यातच होतं! सांगू? एक तर असं होतं की दर्यापूरला गेलो तेव्हा आईनं ज्ञानदेवरावांच्या दुकानात जाऊन पहिल्याच पातेल्याला...

नाही. त्या बघा, दुसऱ्या रांगेत बसल्यात. दोघींनी माना एकदम हलवल्या.

आई जन्मभर म्हणत आली, आधी सांगितलेलं बरं. असेल. पण लग्न झालेला माणूस म्हणून तुम्हाला सांगतो... काही काही न सांगितलेलंच बरं.